प्रयोगवही : काम कुणाचे, हात कुणाचा?



गेल्या अंकात पितळेची भांडी आणि चिंच यांच्याविषयी लिहिले होते, त्यावर बऱ्याच भगिनींचे फोन आले. (दोन बंधूंचेही आले, हे विशेष!) या वेळचा विषय सुचला स्वयंपाकघरातच, पण तो भांड्यांचा नाही. संपादकांना विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आपली पत्रिका घरातली सगळी माणसं वाचतात, बरं का." मी म्हटले, "म्हणूनच."

इंग्लंडात 'केमिस्ट' म्हणजे औषधाचा दुकानदार. माझे शिक्षण रसायनशास्त्राचे, नोकरी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. घन कण द्रवात तळाशी न बसता तरंगत कसे ठेवायचे, हे माझे रोजचे काम. पण मंडळात कुणाला खोकला झाला की "तुम्ही केमिस्ट ना?" हा प्रश्न ठरलेला. त्यातून नावामागे 'डॉक्टर' लागल्यापासून एकदोघांनी रक्तदाब मोजायलाही हात पुढे केला आहे. मी एरवी हसून सोडून देते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रश्नावर मात्र हसू आले नाही.

हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात मी तिळगुळाच्या पुड्या बांधत होते. एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल, कडेवर दीड वर्षाची लेक. नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच इथे आलेली. (तिची परवानगी घेऊन, ओळखीच्या खुणा वगळून लिहीत आहे.) आजूबाजूला कुणी नाही असे पाहून ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही केमिस्ट आहात ना? मी गोळ्या घेते. तिकडून आणलेलं शेवटचं पाकीट गुरुवारी संपतंय. इथल्या दवाखान्यात फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. यांना सांगितलं तर म्हणतात, बघू. घरात सासूबाई आल्यात, त्यांच्यासमोर बोलता येत नाही. तीन आठवडे मी काय करू?"

तीन आठवडे! ज्याला प्रश्न पडलेला नाही त्याला तीन आठवडे म्हणजे काहीच नाहीत. तिच्या दृष्टीने पुढचे दीड वर्ष त्या तीन आठवड्यांवर टांगलेले होते.

मी तिला काय सांगणार? मला औषधाचे रेणू कळतात, माणसे कळत नाहीत. पण एक गोष्ट ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घेऊन मी मोठ्या रस्त्यावरच्या फार्मसीत गेले. फार्मासिस्टबाईंनी तिला आतल्या छोट्या खोलीत बसवले. रक्तदाब मोजला, वजन-उंची घेतली आणि प्रश्न विचारले. सिगारेट ओढता का? घरात कुणाला पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती का? अर्धशिशी आहे का? ती म्हणाली, "हो, कधीकधी. आधी डोळ्यांसमोर चमकतं, वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, मग डोकं धरतं." बाईंनी पेन खाली ठेवले. अशी अर्धशिशी असणाऱ्या स्त्रीला इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाहीत, कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. भारतातून आणलेली तिची गोळी नेमकी तीच होती. बाईंनी समजावून सांगून तिला फक्त प्रोजेस्टोजेन असलेली गोळी सुरू केली. वीस मिनिटांत आम्ही बाहेर. पैसे शून्य.

येताना ती म्हणाली, "तिकडं दोन वर्षं घेत होते, हे कुणीच विचारलं नाही."

त्या फार्मासिस्टबाई डॉक्टर नव्हत्या, पण त्यांनी त्या दिवशी डॉक्टरचेच एक काम केले, आणि नीट केले. आजचा विषय तोच : संततिनियमनाच्या कामाची वाटणी. हे काम डॉक्टरने, नर्सने, औषधवाल्याने आणि गावातल्या आरोग्यसेविकेने कसे वाटून घ्यावे? आणि वाटून घेताना काय सांभाळावे?

आता तुम्हाला माझ्या मावशीची गोष्ट सांगते, म्हणजे मला हा विषय का डाचतो ते कळेल.

मावशीचे सासर कोरडवाहू मुलखातले. दोन मुलींनंतर तिला पाळणा लांबवायचा होता. ऑपरेशन नको होते, तांबी बसवून घ्यायची होती. तांबी बसे फक्त तालुक्याच्या दवाखान्यात, तीही लेडी डॉक्टर येतील त्या दिवशी. मावशी शेतातले काम बुडवून, दोन एसट्या बदलून गेली. डॉक्टर रजेवर. पुन्हा महिन्याने गेली. त्या दिवशी डॉक्टर अडलेल्या बाळंतपणात होत्या, संध्याकाळपर्यंत बसून शेवटची गाडी धरून परत आली. तिसऱ्यांदा जायची वेळ आली तेव्हा दिवस गेलेले होते. आणि गंमत अशी, की गावापासून दीड मैलावर उपकेंद्र होते. तिथल्या नर्सबाई दर महिन्याला मावशीच्या ओसरीवर बसून मुलांना लस टोचत. मावशीने त्यांना विचारलेही होते. त्या म्हणाल्या, "मला ते शिकवलंच नाही हो. आणि शिकवलं तरी करू देतील का?"

त्या वेळी झालेला मुलगा म्हणजे माझा लाडका मावसभाऊ. त्यामुळे ही गोष्ट सांगताना जीभ अडखळते. मावशीला एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाळ नको होतं असं नाही गं. तेव्हा नको होतं." त्या बाळंतपणात अंगावरून इतके गेले, की पुढे दोन वर्षे ती उभी राहिली की भिंत धरायची. मग शिबिरात जाऊन ऑपरेशन करून आली. जे तिला नको होते तेच शेवटी पदरात पडले.

मावशी आणि तिला हवी असलेली वस्तू यांच्यात अंतर किती होते? मैलांत मोजाल तर दीड. पण त्या दीड मैलावरच्या हाताला परवानगी नव्हती, म्हणून ते अंतर तालुक्याएवढे झाले.

आता कुणी म्हणेल, अहो, शरीराचा मामला, डॉक्टरच हवा. मान्य. पण कशासाठी हवा, हे आपण प्रयोगशाळेत करतो तसे सुटे करून पाहू. संततिनियमन म्हणजे एक काम नव्हे, चार-पाच कामे आहेत. पहिले, कोणकोणते उपाय आहेत ते नीट समजावणे. दुसरे, या स्त्रीला कोणता उपाय चालणार नाही ते ओळखणे. तिसरे, प्रत्यक्ष गोळी देणे, सुई टोचणे, तांबी बसवणे किंवा शस्त्रक्रिया करणे. चौथे, त्रास झाला तर दखल घेणे. आणि पाचवे, जे लोक विसरतात ते : नको झाले की काढून देणे. यातल्या प्रत्येक कामाला सहा वर्षांचे वैद्यकीय शिक्षण लागते का? आपल्या गणेशोत्सवाच्या जेवणात पुरण शिजवायला जाणती बाई लागते, पण पाने मांडायलाही तिनेच यावे असा हट्ट धरला तर पंगत उठायला रात्र होईल.

हा प्रश्न थायलंडला १९६९-७० च्या सुमारास पडला. गोळी लिहून द्यायचा अधिकार फक्त डॉक्टरांना आणि खेड्यांत डॉक्टर जवळजवळ नव्हतेच. मात्र प्रशिक्षित सहायक सुइणी गावोगाव होत्या. तिथल्या आरोग्य खात्याने त्यांच्या हातात प्रश्नांची एक छोटी यादी दिली. डोळे किंवा कातडी पिवळी झाली होती का? पाय सुजून दुखतात का? छातीत कळ येते का? स्तनात गाठ लागते का? डोके फार दुखते का? सगळी उत्तरे 'नाही' आली तर सुईणीने गोळ्या द्यायच्या, एक जरी 'हो' आले तर डॉक्टरकडे पाठवायचे. आधी काही प्रांतांत करून पाहिले. तक्रारी वाढल्या नाहीत, गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मात्र पुष्कळ वाढल्या. १९७० मध्ये ते देशभराचे धोरण झाले. आमच्या फार्मासिस्टबाईंचे प्रश्न आठवा. ती यादी त्याच जातीची आहे. ज्ञान डॉक्टरांचेच, पण ते अशा रूपात बांधून दिले, की दुसऱ्याच्या हातात सुरक्षित राहावे.

आता माझ्या शास्त्राकडे वळते, कारण औषधाचे रूप बदलले की ते कुणी द्यायचे हेही बदलते, आणि हे काम रसायनशास्त्राचे.

तीन महिन्यांचे इंजेक्शन घ्या. त्यातल्या औषधाचे नाव मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्याचे अगदी बारीक स्फटिक पाण्यात तरंगते ठेवून टोचतात. स्फटिक जागच्या जागी बसतात आणि खडीसाखरेच्या खड्यासारखे सावकाश झिजतात, तीन महिने पुरतात. बाटली आधी नीट हलवून का घ्यायची? कण तळाशी बसले तर मात्रा चुकेल म्हणून. टोचल्यावर जागा चोळायची का नाही? चोळले तर औषध लवकर शोषले जाते म्हणून. या दोन सूचना सातवी शिकलेल्या बाईलाही कारणासकट समजतात आणि कारण समजले की ती विसरत नाही.

जुने इंजेक्शन १५० मिलिग्रॅमचे, १ मिलिलिटर, लांब सुईने स्नायूत द्यायचे. पुढे १०४ मिलिग्रॅमचे, ०.६५ मिलिलिटरचे रूप आले. ते कातडीखाली द्यायचे. आखूड सुई आणि अंगठा-तर्जनीत मावणारा प्लास्टिकचा छोटा फुगा, औषध आधीच भरलेले. मात्रा मोजायची नाही, सुई वेगळी लावायची नाही. फुगा दाबला की झाले, आणि तो पुन्हा भरता येत नाही. मग हे इंजेक्शन आरोग्यसेविका देऊ लागल्या, आणि पुढची पायरी म्हणजे स्त्री स्वतःच घेऊ लागली. आफ्रिकेतल्या मलावी देशात याची रीतसर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एक वर्षानंतर, दुसऱ्याकडून टोचून घेणाऱ्यांपैकी शंभरात ४५ जणींनी इंजेक्शन चालू ठेवले होते, स्वतः घेणाऱ्यांपैकी ७३ जणींनी. त्रासात विशेष फरक नव्हता. कारण उघड आहे. घरच्या फडताळात औषध आहे म्हटल्यावर दोन एसट्या बदलाव्या लागत नाहीत.

हे औषध निर्दोष आहे असे मात्र समजू नका. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडांची घनता कमी होऊ शकते, सोडल्यावर पुन्हा दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. फार दिवस वापरणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाच्या एका विरळ गाठीचा धोका वाढतो, असे फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत २०२४ मध्ये दिसले. भारतातल्या स्त्री-संघटनांनी हे इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात आणायला अनेक वर्षे विरोध केला. "गरीब बाईला हे सगळे सांगणार कोण?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. हात वाढवले तर सांगणारी तोंडेही वाढली पाहिजेत.

आता आपल्या देशाकडे येऊ. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' सेविका आल्या. साधारण हजार वस्तीला एक, गावातलीच सून. २०११ च्या जुलैपासून २३३ जिल्ह्यांत आणि २०१२ च्या अखेरीपासून देशभर त्यांच्या पिशवीत साधने आली. तीन निरोध एक रुपयाला, महिन्याच्या गोळ्या एक रुपयाला, तातडीची गोळी दोन रुपयांना. बाईला कुठे जायला नको, दुकानदारासमोर मान खाली घालायला नको. २०१७ मध्ये 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि 'छाया' ही आठवड्याची गोळी सरकारी कार्यक्रमात आली. पहिल्या दहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. 'छाया' म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले सेंटक्रोमन, १९९१ पासून 'सहेली' नावाने मिळणारे. तिच्यात हार्मोन नाही आणि शरीरातून ती इतकी सावकाश जाते, की पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच घेतली तरी चालते. उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनाही आता तांबी बसवायला शिकवतात. मावशीच्या नर्सबाई आज असत्या तर त्यांना तसे उत्तर द्यावे लागले नसते.

तरीही गाडी रुळावर आहे असे म्हणवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात ३८ जणींची नसबंदी झालेली होती. तांबी सुमारे २ जणींकडे, इंजेक्शन एकीकडेही पुरते नाही. आणि पुरुषांची नसबंदी? हजारात तीन. (बंधूंनो, कामाची वाटणी म्हणतात ती हीही आहे.) ज्या देशात सर्वांत जास्त वापर एकाच उपायाचा, आणि तो फक्त सर्जनच्या हाती, तिथे शिबिरे भरणारच.

शिबिराचे टोक २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ दिसले. एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या आठवड्यात तिथल्या शिबिरांमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या १३ स्त्रिया दगावल्या. दोष औषधाचा की जंतुसंसर्गाचा यावर पुष्कळ वाद झाले. पण एका माणसाने एका दुपारी ८३ पोटे उघडावीत, ही वेळ का यावी, हा प्रश्न त्या वादाच्या आधीचा आहे. २०१६ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या ८३ जणींपैकी कितीजणींना गावातच, हव्या त्या दिवशी, ओळखीच्या नर्सबाईंकडून तांबी किंवा इंजेक्शन चालले असते? हा हिशेब कुणी मांडला नाही. "डॉक्टरच हवा" हा आग्रह सुरक्षिततेसाठी धरतात, पण त्या आग्रहामुळे डॉक्टरपुढे रांग लागते, आणि रांगेत सुरक्षितता राहत नाही.

मग सगळे सगळ्यांना वाटून टाकावे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये यावर सविस्तर मार्गदर्शन केले, त्यात पायऱ्या आहेत. गोळ्या आणि निरोध गावातल्या सेविकेकडे. इंजेक्शनही तिच्याकडे, पण देखरेखीखाली. तांबी आणि दंडात बसवायची कांडी प्रशिक्षित नर्स-सुइणीकडे. शस्त्रक्रिया मात्र ती शिकलेल्यांकडेच. ढाक्याजवळ सावारला डॉ. जफरुल्ला चौधरी यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या गणस्वास्थ्य केंद्रात खेड्यातल्या मुलींना स्त्री-नसबंदीची छोटी शस्त्रक्रियाही शिकवली आणि तिचे निकाल १९७५ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले, हे खरे. पण तिथे शिकवणारा रोज शेजारी उभा होता. ते शेजारी उभे राहणे वगळून फक्त काम खाली ढकलले तर ती वाटणी राहत नाही.

याचे उदाहरण इथियोपियाचे. तिथल्या सरकारने २००३ नंतर तीस हजारांहून अधिक तरुण मुलींना वर्षभराचे शिक्षण देऊन, पगारी नोकरीवर, गावोगाव नेमले. २००० साली तिथे विवाहित स्त्रियांपैकी शंभरात आठ जणी कुठलाही उपाय वापरत, २०११ मध्ये २९. काम थोर आहे. २००९ पासून या मुली दंडात तीन वर्षांची कांडी बसवू लागल्या. बसवायला शिकवले, काढायला मात्र नाही. काढायचे काम वरच्या केंद्रात. तीन वर्षे झाली, मुदत संपली, आणि बायकांना काढून घ्यायला लांब जावे लागू लागले. म्हणजे मावशीची एसटी पुन्हा सुरू, फक्त उलट्या दिशेने! जे गावात बसते ते गावात निघाले पाहिजे. नाहीतर बाईच्या 'हो'ला अर्थ राहत नाही, कारण तिला 'नको' म्हणायची सोय नाही.

दुसरा धोका घरचाच आहे. आशाताईंना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आशाताई २०२४ च्या फेब्रुवारीत मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. त्यांना सरकारी नोकर मानत नाहीत, स्वयंसेविका मानतात आणि कामागणिक मोबदला देतात. डॉक्टरचे काम हलके करून तिच्या डोक्यावर दिले, पण पगार, औषधांचा साठा आणि अडल्यावर उचलला जाणारा फोन दिला नाही, तर काय होईल? आपण मंडळातले स्वयंसेवक आहोत, चार सतरंज्या उचलून घरी जातो. तिच्या हातात कुणाच्या तरी लेकीचा जीव असतो.

आता थोडे अभिमानाचे. हे काम डॉक्टरांपलीकडे नेण्याचा मान मराठी माणसाचाही आहे. मुंबईत १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी अश्लीलतेचे खटले झाले. पत्नी मालतीबाई साथीला होत्या. त्याच साली लंडनमध्ये होलोवेला मेरी स्टोप्स यांनी केंद्र उघडले. त्याही वैद्य नव्हत्या, वनस्पतींच्या जीवाश्मांवर डॉक्टरेट केलेल्या. (त्यांचे वंशशुद्धीचे विचार आज कुणी मान्य करणार नाही आणि करूही नये.) त्यांच्या केंद्रात रोजचे काम सुइणी बघत, अडचण आली तर डॉक्टर. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ही वाटणी लंडनला झाली होती. मग गोळी आली आणि वही पुन्हा डॉक्टरच्या टेबलावर गेली. तिथून ती परत निघायला किती वर्षे लागली पाहा. तातडीची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फार्मसीत मिळू लागली २००१ साली, प्रोजेस्टोजेनची रोजची गोळी २०२१ साली. इंग्लंडात फार्मासिस्टने तपासून मोफत गोळी सुरू करून द्यायची सोय झाली २०२३ च्या डिसेंबरात. तातडीची गोळी ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडातल्या फार्मसीत मोफत आहे.

हे सगळे लिहिण्याचा हेतू काय? दोन-तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

एक, आपल्याकडे नवी जोडपी येत असतात. त्यांना वाण्याचे दुकान, देवळाची वेळ, बसचा पास सगळे सांगतो, हे सांगत नाही. इंग्लंडात संततिनियमनाची सेवा मोफत आहे, व्हिसा कुठलाही असो. ती गुप्त राहते, नवऱ्यालाही कळवत नाहीत. ज्या फार्मसी या योजनेत आहेत तिथे आधी वेळ न घेताही बऱ्याचदा काम होते. तांबी किंवा कांडी हवी असेल तर लैंगिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित नर्सही बसवते आणि काढूनही देते. मंडळाच्या 'नवागतांसाठी' माहितीपत्रकात या चार ओळी घालाव्यात, असे मी कार्यकारिणीला लिहून दिले आहे. ती बैठक पुढच्या महिन्यात आहे. विरोध होईल तर तो तिथे मोकळेपणी व्हावा.

दोन, भारतातून गोळ्यांची पाकिटे मागवून घेणाऱ्या भगिनींनो, गोळी कामाची असते, पण पाकिटातून प्रश्नांची यादी येत नाही. एकदा रक्तदाब मोजून घ्या आणि अर्धशिशीचे सांगा. माझ्याकडे मात्र येऊ नका, मी रंगवाली केमिस्ट!

तीन, आपण गावाकडे देणग्या पाठवतो. रुग्णवाहिका, यंत्र, इमारतीवर नावाची पाटी. पुढच्या वेळी गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरना एकदा विचारा, की तुम्हाला काय शिकायचे आहे, कशाचा साठा संपतो, अडल्यावर कुणाला फोन करता. उत्तराला पाटी लावता येणार नाही, पण पैसे कारणी लागतील.

मागच्या आठवड्यात मावशीला फोनवर फार्मसीची हकीकत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. वाटले, जुने दिवस आठवून काही बोलेल. तिने एवढेच विचारले, "वीस मिनिटांत? आणि बसायला खुर्ची दिली?"

"हो मावशी, खुर्ची दिली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग मावसभावाच्या मुलीच्या बारशाचे फोटो कधी पाठवते ते सांगू लागली.

पुढच्या अंकात लोखंडी कढई आणि इथले पाणी. कळावे, लोभ असावा.